लावणीला इंग्रजीत काय म्हणतात

हे लिहायला बसले त्याचं कारण एकच, सांगून सांगून माझं तोंड दुखलं. महाडच्या बाजारपेठेत भाजी घ्यायला गेले की भाजीवाली विचारते, स्टँडवर कंडक्टर विचारतो, शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांचं विचारून झालं. "काय बाई, पोलादपूरवाल्या पोलंडला जाऊन आल्या म्हणे?" या कोटीला पहिल्या दिवशी मी हसले होते. आता हसवत नाही. तेव्हा एकदाच काय ते लिहून टाकते. ज्याला वाचायचं त्याने वाचावं आणि मला सुखाने भाजी घेऊ द्यावी.

मी इथल्या एका हायस्कुलात संगीत शिकवते. सव्वीस वर्षं झाली. प्रार्थना, स्वागतगीत, समूहगीत आणि पाहुणे उशिरा आले तर पुन्हा स्वागतगीत. गुडघे गेलेत, आवाज बसलाय आणि पेटीच्या दोन पट्ट्या वाजत नाहीत. काही वर्षांमागे एका विद्यार्थिनीच्या घरी पोलादपूरच्या पलीकडच्या एका वाडीत गेले होते, तेव्हा तिथल्या बायका भात लावताना गात होत्या. मी बांधावर छत्री धरून बसले आणि टेपरेकॉर्डरवर ते गाणं उतरवून घेतलं. त्या कॅसेटच्या कॉपीच्या कॉपी होत होत एक मुंबईच्या एका संस्थेकडे पोचली. तिथून पोलंडमधल्या एका आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेत गेली आणि तिथून चक्क बोलावणं आलं. सहा गायिका आणि एक शिक्षिका. तिकिटं संस्थेची.

फॉर्म आणि गावकी

फॉर्म इंग्रजीत होता. मी तो रविवारी दुपारी जेवण झाल्यावर भरला. जेवण झाल्यावर मी कुठलंही महत्त्वाचं काम करू नये, हे माझी आई मला लहानपणापासून सांगत आली होती. नावं, वयं, गाव, तालुका, सगळं लिहून झालं. शेवटी एक चौकट उरली, गाण्याचा प्रकार कोणता? आता गाणी भाताच्या लावणीची. रोपं उपटून चिखलात लावतात त्या लावणीला इंग्रजीत काय म्हणतात, काही केल्या आठवेना. डिक्शनरी आतल्या खोलीत कपाटावर होती, म्हणजे स्टूल घेणं आलं. मी 'लावणी साँग्ज' लिहिलं आणि पाकीट चिकटवून टाकलं. म्हटलं, तिकडे कुणाला काय कळतंय.

तिकडे कळायच्या आधी इकडेच कळलं. संस्थेने फॉर्मवरून बातमी दिली आणि एका साप्ताहिकात छापून आलं, 'पोलादपूरच्या महिला परदेशात लावणी गाजवणार'. शेजारी घुंगरू बांधलेल्या कुठल्याशा नर्तिकेचा फोटो. वाडीत भडका उडाला. भैरीच्या देवळात गावकी बसली आणि मलाही बोलावणं आलं.

आमच्या सहाजणींची म्होरकी भागाबाई. वय माझ्याएवढंच, नवरा मुंबईला नोकरीला, घरात ती आणि तिचे म्हातारे सासरे. त्यांना सगळी वाडी आजा म्हणते. शिमग्याला देवाची पालखी निघते तेव्हा पहिला खांदा या घराचा, आज्यांच्या आज्यापासून. त्या दिवशी गावकीतला एकजण म्हणाला, "आपल्या बायका बाहेरदेशी जाऊन नाचनार, आनि आपन पालखी नाचवायची कोनत्या तोंडानं?" आज्यांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "माझी सून गायला जाते, नाचायला नाय. नाचली असं कळलं तर शिमग्याला माझ्या खांद्यावर पालखी देऊ नका. मी सोता बाजूला व्हईन."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "पेपरवाल्यांची चूक आहे. त्यांना काही कळत नाही." देवासमोर बसून म्हटलं. खोटं बोलायला मला स्टूल लागलं नाही.

बिटाचं सार

गौरी-गणपती झाले होते, कापणीला अवकाश होता, तेवढ्यात आम्ही निघालो. विमानाचं वर्णन मी करणार नाही. बसलो, आखडलो, उतरलो. पारूने, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात बोलक्या बाईने, सुकटीची चटणी प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत बांधून आणली होती. होस्टेलवर तिने पहिली पिशवी सोडल्याबरोबर तिथल्या कारभारणीने येऊन सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर महाबळेश्वरासारखी थंडी. पारू म्हणाली, "आमी त्यांचा वास काढला काय कधी?"

गाव लहान आणि स्वच्छ. नाव उच्चारायला मला चार दिवस लागले, म्हणून लिहीत नाही. जेवणात सकाळ-संध्याकाळ बटाटा. एकदा लालभडक पातळ काहीतरी वाटीत आलं. आमसुलाचं सार समजून सगळ्यांनी आनंदाने तोंडाला लावलं, तर ते बिटाचं निघालं. वाईट नव्हतं. पण ज्या तोंडाने सार म्हणून स्वागत केलं त्या तोंडाला ते पचेना. सोबत उकडलेल्या करंज्या होत्या, आत पुन्हा बटाटा. भागाबाईने एक उघडून बघितली, मिटली आणि म्हणाली, "मोदक हाय, पन रुसलेला." त्या दिवसांत मी एवढी एकदाच मनापासून हसले.

होस्टेलपासून सभागृहापर्यंत बस जायची. वाटेत एका शेतात बायका वाकून बटाटे काढत होत्या. डोक्याला रुमाल, कमरेत वाकलेल्या. आमच्या सहाहीजणी एका बाजूच्या खिडक्यांशी गोळा झाल्या. भागाबाईने एवढंच विचारलं, "ह्यांची कंबर दुखत असंल ना गो?" पारू म्हणाली, "न दुखून सांगतीय कुनाला."

पहिली तालीम

आपल्याकडे तालीम म्हणजे गाणं बसवायचं. तिकडे गाणं बसूनच येतं, तालमीत दिवे बसवतात. प्रत्येक संघाला वीस मिनिटं, आणि ती वीस मिनिटं मिळेपर्यंत चार तास लोखंडी खुर्चीवर. त्या चार तासांत मी इतरांच्या तालमी बघितल्या आणि माझी मतं झाली. कुणी विचारली नाहीत, म्हणून इथे सांगते.

एका संघाने रंगमंचावर धूर सोडला. धूर चांगला होता, पण गायकांना खोकला आला. एका संघातल्या बावीस मुलींनी छत्र्या आणल्या होत्या. त्या छत्र्या इतक्या एका वेळी उघडायच्या की त्यापुढे गाण्याकडे लक्षच जाईना. काळ्या कोटातले आठ पुरुष मात्र नुसते उभे राहिले, हात खाली सोडून, आणि गायले. त्यांना सगळ्यांच्या तालमी घेणाऱ्या दिग्दर्शिकेने तीनदा थांबवलं. जरा हला, म्हणाली. ते हलले आणि बिघडले. माझं मत असं की ज्याला उभं राहता येतं त्याला हलवू नये. पण हे मत दुसऱ्यांबद्दल होतं. आपली वेळ आली की मतं कुठे जातात, ते पुढे कळेल.

दिग्दर्शिकेचं नाव हालिना. उंच, बारीक, केस पांढरे, कानामागे पेन्सिल. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं जमलं. तिच्या हातात आमच्या गाण्याचा कागद होता. त्यावर सहा लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यातून निघालेला बाण, सगळे बाण प्रेक्षकांकडे. वर लाल दिवे लागले. मी भागाबाईला खूण केली.

त्या वाकल्या. कमरेत वाकून, तोंड जमिनीकडे, सहाजणींची एक ओळ. हात एकदम खाली गेले आणि गाणं उठलं.

मागं सर गो बाय, मागं सर,
हिरव्या रोपाला जागा कर.

दर ओळीला एक पाऊल मागे. कडव्यामागून कडवं, त्या प्रेक्षकांपासून आणि माईकपासून लांब लांब जात राहिल्या. तिसऱ्या कडव्याला पारूची पाठ मागे ठेवलेल्या कुणाच्या तरी मोठ्या ढोलाला लागली आणि ढोल घरंगळला. छत्रीवाल्या मुली हसल्या.

हालिना माझ्याजवळ आली. "छान," ती म्हणाली, "पण लावणी कुठे आहे?" तिने मुद्दाम शोधून एक व्हिडिओ कॅसेट बघितली होती. डोळे, हसू, हात, ठेका, पुढे येणं. कुठल्या तरी नृत्यशिक्षिकेकडून घुंगरं मागवली होती, ती उद्या येणार होती. परीक्षकांनाही तसंच कळवलेलं होतं.

तिथे खरं सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण बाईने दिवे लावले, बाण काढले, कुठून कुठून घुंगरं मागवली, आणि मी काय सांगणार, की मला दुपारी उठायचा कंटाळा आला होता? मी म्हटलं, "उद्या करू. ओके."

कॉरिडॉरमध्ये

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहाजणींना होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये उभं केलं. "ती बाई म्हणते, जरा सरळ उभ्या राहा आणि पुढे या. बाकी काही नाही."

सरळ उभं राहिल्यावर गाणं मोडलं. भागाबाईचा सूर वाकल्यावर पोटातून निघायचा, तो आता गळ्यात अडकला. ठेकाही चुकला. मग मला कळलं की ठेका हातात होता. हात चिखलात जातो तिथे सम. हात मोकळे ठेवले की सम कुठे पडायची हेच त्यांना कळेना. आणि पुढे पाऊल टाकायला सांगितलं की सहाजणी सहा वेळी टाकायच्या. पारू दोनदा मागेच गेली.

मी थकले होते. झोप नव्हती, गुडघे ठणकत होते. पण हे कारण सांगून उपयोग नाही, मी बोलले ते बोलले. "एवढ्या लांब तुम्हाला काय भात लावायला आणलंय का?"

भागाबाईने पदर खोचला आणि पुन्हा सरळ उभी राहिली. त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत तेच केलं, आणि गाणं जास्तजास्तच बिघडत गेलं.

घुंगरं

तिसऱ्या दिवशी शेवटची तालीम. हालिना स्वतः घुंगरं घेऊन रंगमंचावर आली. चांगल्या मनाची बाई, दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, स्वतःच भागाबाईसमोर गुडघ्यावर बसली आणि तिच्या घोट्याशी घुंगरू धरलं. भागाबाईने लुगडं पायावर ओढलं आणि मागे सरकली.

"बाई, ही घुंगरं कशाला?"

आता पळायला जागा नव्हती. मी सांगितलं. फॉर्म, चौकट, डिक्शनरी, सगळं. 'लावणी' लिहिलं ते मी, आणि यांना नाचाची लावणी वाटली.

भागाबाई रंगमंचाच्या कडेला बसली. "म्हंजे पेपरवाल्याची चूक नव्हती."

"नाही. माझी."

"देवळात बोललात तुमी."

"हो."

"आज्यानं तुमच्या भरवशावर पालखीचा खांदा पनाला लावलाय, बाई."

मला माहीत होतं. आणि तरी, याची मला अजून लाज वाटते, तरी मी म्हटलं, "घुंगरू नको बांधू या. नाचही नको. फक्त दोन पावलं पुढे या. दोन पावलांना कुणी नाच म्हणत नाही."

भागाबाई रागावली नाही. पहिलीतल्या मुलीला सांगावं तसं मला म्हणाली, "पुढं पाय टाकला की लावलेलं तुडवलं जातं, बाई."

सव्वीस वर्षं संगीत शिकवतेय. ते गाणं माझ्या वहीत उतरवलेलं आहे, त्यावर मी खुणा केल्यात, शेवटाला ओळ तीनदा म्हणायची अशी स्वतःची तिहाई जोडलीय, दोन गॅदरिंगना मुलींकडून बसवून घेतलंय, ओळीत उभ्या करून, पुढे बघायला लावून. मागे सरायचं कशासाठी, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मला वाटायचं, यमक आहे.

मी हालिनाकडे वळले. इंग्रजी शब्द अजूनही येत नव्हता. मग मी वाकले. कटकन गुडघे वाजले, सगळ्या सभागृहाला ऐकू गेले असतील. डाव्या हातात रोपं धरल्यासारखं केलं, उजव्याने एक एक जमिनीत खोचलं आणि एक पाऊल मागे गेले. पुन्हा खोचलं, पुन्हा मागे. जन्मात कधी भात लावलं नव्हतं. मागून पारूचा आवाज आला, "बाई, वाकडी लावताय." मी सरळ लावायला लागले.

हालिना बघत राहिली. मग तिने कानामागची पेन्सिल काढली आणि कागदावरचे सहाही बाण खोडून उलटे काढले. लाल दिवे बंद करायला सांगितले. शेवटी मला एक गोष्ट सरळ सांगितली. परीक्षकांकडे दहा गुण सादरीकरणाचे आहेत, प्रेक्षकांकडे येणं, हावभाव, पावलं. त्यात तुम्हाला काही मिळणार नाही.

मी ते मराठीत सांगितलं. पारू म्हणाली, "धा गुनासाठी म्हाताऱ्याची पालखी घालवू काय?" बाकीच्या पदर खोचून ओळीत उभ्याच होत्या.

स्पर्धा

स्पर्धेबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे. पांढरा साधा उजेड. सहाजणी अगदी पुढे येऊन वाकल्या आणि तिथून मागे गेल्या. पहिल्या कडव्याला आवाज सभागृहभर होता. शेवटच्याला त्या मागच्या पडद्याशी पोचल्या होत्या, माईक आवाज पकडत नव्हते, आणि लोक खुर्चीत पुढे झुकून ऐकत होते. पाय पडद्याला लागले तिथे त्या थांबल्या. माझी तिहाई कुणीही घेतली नाही. त्यांनी कमरेवर हात ठेवला, सरळ झाल्या आणि रोज शेतातून बाहेर पडतात तशा बाजूने निघून गेल्या. नमस्कार करायचा राहिला.

टाळ्या मध्यम. बारा संघांत आम्ही बारावे. छत्रीवाल्या दुसऱ्या आल्या, धूरवाले पहिले. काळ्या कोटातले आठजण कितवे आले ते मी विचारलं नाही, माझ्याने ऐकवलं नसतं. प्रत्येक संघाला गुणांचा छापील कागद मिळाला. मी तो घडी करून पर्समध्ये टाकणार होते, तर भागाबाईने मागून घेतला. परत येताना विमानात मी पूर्णवेळ डोळे मिटून होते, झोप लागली नाही.

वाडीत

आल्यावर दुसऱ्याच रविवारी गावकी बसली. महाडहून पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे जीप, शेवटचा चढ पायी. न जाण्यासाठी माझ्याकडे गुडघ्याचं चांगलं कारण होतं. गेले.

देवळात पुरुष बसलेले, बाया दाराशी आणि बाहेर ओट्यावर. आजा खांबाला टेकून बसले होते. मी बसायच्या आधीच बोलले. "मागच्या वेळी मी इथे खोटं सांगितलं. पेपरवाल्यांची चूक नव्हती. फॉर्मवर लावणी मीच लिहिलं होतं."

आजा म्हणाले, "त्याचं मागनं बघू. नाचल्या काय त्या?"

"नाही. एक पाऊलसुद्धा नाही."

मागच्या वेळी पालखीबद्दल बोलला होता तोच गृहस्थ म्हणाला, "बाई मागल्या टायमाला बी हितंच बसून बोलल्या व्हत्या."

बरोबर होतं त्याचं. माझ्या शब्दाचं वजन मीच घालवलं होतं, आणि तो शब्द सोडून माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. बाहेरच्या सहाजणींनी काही सांगून उपयोग नव्हता, त्या तर स्वतःबद्दलच सांगणार. आजा माझ्याकडे बघत नव्हते. ते स्वतःच्या पायांकडे बघत होते, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

भागाबाई दाराशी उठली. पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "हा वाचा."

मी वाचला. इंग्रजी, म्हणून मराठी करत करत. आवाज, तीसपैकी सतरा. सूर, तीसपैकी अठरा. गीताची निवड, तीसपैकी बावीस. "आणि शेवटचं. सादरीकरण, म्हणजे लोकांकडे येणं, हावभाव करणं, नाचाची पावलं टाकणं. दहापैकी शून्य."

"बघू," तो गृहस्थ म्हणाला. कागद त्याच्याकडे गेला. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण शून्य सगळीकडे सारखंच. त्याने त्यावर बोट ठेवलं, शेजारच्याला दाखवलं, शेजारच्याने पुढच्याला. कागद सगळ्या देवळातून हातोहात फिरला आणि आज्यांपाशी आला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"म्हंजे शेवटचा लंबर ह्याच्यापायी आला?"

"ह्याच्याचपायी," मी म्हटलं.

आज्यांनी कागद मला परत दिला. "परत वाचा, बाई. ओट्यावरच्यांना ऐकाय गेलं नाय."

मी उठले, दारात गेले आणि बाहेर तोंड करून, होता नव्हता तेवढा आवाज काढून वाचलं, "दहापैकी शून्य."